आखूड स्पोक

कंपाउंडरसाहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा लेकीनं त्यांच्या सायकलला मोटर बसवायचं मनावर घेतलं. त्यांनाही ती हवीच होती, पण गुडघ्यांसाठी नव्हे, बरं का! त्यांचा सगळा जीव अडकला होता बायकोत.

बायको म्हणजे चाकवाली. चाळीस वर्षं तिनं सायकलींची चाकं बांधली. वाकड्या चाकाचा आउट काढावा तर तिनंच. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, दुकानाला कुलूप लागलं आणि बाई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली ती बसलीच. बोलणंही "हं" आणि "नको" एवढ्यावर आलं. कंपाउंडरांना घर खायला उठायचं.

लेक मोबाइल घेऊन शेजारी टेकली. "बाबा, हे बघा. मागचं चाक मोटरसकट तयार येतं. बसवलं की झालं."

"नको."

"मग पेडलपाशी बसणारी मोटर? चाकाला हातसुद्धा लावायला नको."

"ती तर मुळीच नको."

"आणि बॅटरी?"

"दांड्यावर मावेल ती कुठलीही घे. मोटर मात्र सुटी मागव, चाकाच्या मधोमध बसणारी. रिम आपली जुनीच."

"अहो, पण ते चाक बांधणार कोण?"

"मी."

लेकीनं कपाळावर हात मारला. "तुम्ही? तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही!"

कंपाउंडरांनी हळूच खिडकीकडे पाहिलं. ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "लिही गं. स्पोक छत्तीस. लांबी जुन्याच मापाची."

खुर्ची करकरली.

"अगं बाई! जुन्या मापाची? अहो, त्या मोटरचा डबा केवढा जाड असतो! आखूड लागतात स्पोक, आखूड! चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून काय माशा मारल्यात?"

"बरं, मग किती आखूड?"

"असं तोंडानं सांगतात होय? आधी मोटर येऊ दे. मोजल्याशिवाय एक स्पोक मागवायचा नाही!"

मोटर आली. ती बोटांनी चाचपायची, ते पट्टीवरचा आकडा वाचायचे. मग स्पोक आले. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक स्पोक ओवत गेली. शेवटी चाक फिरवून एकेका स्पोकवर टिचकी मारायची, कान द्यायची. "हा सैल. पाव फेरा आवळा." कंपाउंडर चावी फिरवायचे. दुपार कधी सरली, कळलंही नाही.

चाक सरळ फिरलं. तिनं रिमजवळ नख धरलं. नखाला कुठंच घासलं नाही.

"या कामाला डोळ्यांची गरजच नव्हती की हो," ती हळूच म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही! जन्मभर औषधाचे थेंब मोजलेत. एक थेंब कधी चुकला नाही. स्पोकचं माप बरं चुकलं?"

"हं," कंपाउंडर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिनं काळ्या हातांनी त्यांचं तोंड चाचपलं, ओल लागली तशी पदरानं पुसली.

"पुरे आता. दुकानाची किल्ली कुठं ठेवलीत?"