चौदा पिल्लं

शनिवारी सकाळी नेत्राचा फोन आला तेव्हा विनायकराव एका माणसाचा चहा करत होते. दोन महिने झाले तरी एका माणसाचा चहा त्यांना जमत नव्हता. रोज अर्धा कप उरायचा आणि तो ते सिंकमध्ये ओतून द्यायचे.

"काका, गुड न्यूज," नेत्रा म्हणाली. "मॅडमचा रिपोर्ट समितीला देऊन टाकला. पूरे बारा साल का डेटा. शेवटची नोंद नोव्हेंबरची, चौदा पिल्लं. म्हणजे कॉलनीचं पाणी ओढ्याला बाधलं नाही. बुधवारी मीटिंग आहे, तिथे पक्कं होईल."

"चौदा," विनायकराव म्हणाले.

"हां ना. तुम्हीच तर आणली होती. मॅडम असत्या तर किती खूश झाल्या असत्या यार."

चहा उतू गेला. विनायकरावांनी गॅस बंद केला, पण ओटा पुसला नाही.

नेत्रा ही विनायकरावांच्या बायकोची, शैलजाची, शेवटची विद्यार्थिनी. वडील मूळचे अमरावतीचे, बँकेच्या बदलीवर चंदीगडला आले आणि इथलेच झाले. मुलगी इथे जन्मली. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घुसायची. शैलजा तिला म्हणायची, "तुझं वाक्य निघतं अमरावतीहून, पण अंबाल्याला गाडी बदलतं."

शैलजा विद्यापीठात पाण्यातले किडे शिकवायची. शहराबाहेर, शिवालिकच्या पायथ्याशी एक ओढा आहे, स्कूटरवर अर्धा तास. इकडचे लोक ओढ्याला चो म्हणतात. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, ती त्या ओढ्यातले किडे मोजायची. सलग बारा वर्षं. पाणी कसं आहे हे बाटलीत भरून तपासलं तर त्या एका दिवसाचं कळतं, किडे मात्र वर्षभराचं सांगतात, असं तिचं म्हणणं. त्यातही मेफ्लायची पिल्लं महत्त्वाची. दगडाखाली चिकटून राहणारी, शेपटीला तीन केस असलेली. पाणी जरा बिघडलं की पहिली तीच जातात. मग उरतात लाल अळ्या, त्यांना घाणही चालते.

हे काम दोघांचं असे. शैलजा प्रवाहात जाळी धरून उभी राहायची आणि विनायकराव तिच्या वरच्या बाजूला उभे राहून तीन मिनिटं पायाने दगड उकरायचे. सुटलेले किडे वाहत येऊन जाळीत अडकायचे. विनायकराव हवामान खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं ठरल्या वेळी जाऊन पाऊस, तापमान, वारा बघायचा आणि लिहायचा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता. तापात असतानाही नाही.

"तुमचं बरं आहे," शैलजा चिडवायची. "तुमचा अंदाज चुकला की सगळं गाव हसतं. माझा चुकला तर कोणाला कळणारही नाही."

"मग चुकू नकोस."

"मी नाही चुकत. पाय नीट मारा तुम्ही. पेन्शनीत निघाल्यासारखे काय हळूहळू!"

गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी कॉलनी झाली. तिचं सांडपाणी ओढ्यात येऊ लागलं. लोकांनी तक्रार केली, तेव्हा समिती बसली. ओढा बिघडला असेल तर बिल्डरने पाणी साफ करायचा प्लांट बसवायचा, नसेल तर प्रश्नच नाही. कॉलनी झाल्यानंतर ओढ्यात कोणी बघितलं होतं? एकदाच, नोव्हेंबरमध्ये. आणि ते विनायकरावांनी.

कारण तेव्हा शैलजा अंथरुणावरून उठू शकत नव्हती. नेत्रा मावसबहिणीच्या लग्नाला अमरावतीला गेली होती. "तुम्ही जाऊन या ना," शैलजा म्हणाली होती. "बारा वर्षांत खंड नाही पडला." ते एकटेच गेले. एका हाताने जाळी धरली, पायाने दगड उकरले. पाण्याला साबणाचा वास होता आणि दगडांवर करडी बुळबुळ. पांढऱ्या ट्रेमध्ये जाळी उलटी केली, तर नुसत्या लाल अळ्या वळवळत होत्या. त्यांनी जागा बदलून तीनदा बघितलं. एकही पिल्लू नाही.

घरी आले तर शैलजा उशा लावून बसली होती. सकाळपासून बसली असणार. पलंगावर वर्तमानपत्र अंथरून भिंग, चिमटा, सगळं मांडून ठेवलेलं.

"किती?" तिने विचारलं.

मार्चमध्ये पंधरा होती. विनायकरावांच्या तोंडून निघून गेलं, "चौदा."

तिचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागे घेणं त्यांना जमलं नाही. "दाखवा," ती म्हणाली. मग ते आतल्या खोलीत गेले. कपाटात जुन्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या. आठ वर्षांपूर्वीच्या एका बाटलीतून त्यांनी चिमट्याने चौदा पिल्लं काढली, नव्या स्पिरिटमध्ये घातली आणि बाटली तिच्या हातात दिली.

तिने भिंगातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दमला असाल तुम्ही. जेवून घ्या." आणि पेन्सिल मागून तिने वहीत नोंद केली. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. जानेवारीत ती गेली.

रविवारी सकाळी विनायकरावांनी स्कूटरला जाळी बांधली. मनात एकच होतं. एक पिल्लू सापडलं तरी बास. चौदा नकोत. एक सापडलं तर ओढा जिवंत आहे आणि आपण बोललो ते अगदीच खोटं नाही, असं तरी म्हणता येईल.

ओढ्याकाठी रघुवीरची रोपवाटिका होती. त्याने लांबूनच हाक मारली.

"बाऊजी, बड़े दिनों बाद! मैडम जी नहीं आए?"

"नहीं."

"तबीयत ठीक है ना उनकी? उन्हें बताना, गेंदे के बीज रखे हैं मैंने. पिछली बार बोल के गए थे."

विनायकरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते रघुवीरला कळलं नसेल. "यह पानी अब हम क्यारी में नहीं डालते," तो म्हणाला. "पौध जल जाती है. दिवाली से पहले का ऐसा ही है."

दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे नोव्हेंबरच्याही आधीपासून.

तरी ते पाण्यात उतरले. तीन मिनिटं पाय मारले. ट्रेमध्ये लाल अळ्या. पुढे गेले, पुन्हा मारले. दुपारपर्यंत अकरा वेळा झालं. शेवटी पायात गोळा आला आणि ते दगडावर बसले. ट्रेच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, त्यांनी भिंग लावलं. गवताची काडी होती.

सोमवारी ते विद्यापीठात गेले. नेत्रा प्रयोगशाळेत एकटीच होती. त्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसलो तर सांगणं होणार नाही, असं त्यांना वाटलं.

नेत्राला पहिल्यांदा ते खरं वाटेना. मग तिचा आवाज चढला.

"काका, ये क्या किया आपने? मी तुमच्या भरोशावर रिपोर्ट दिलाय! माझं नाव आहे त्याच्यावर. मॅडमचं नाव आहे!"

"माहीत आहे."

"तुम्ही हवामान खात्यात होता ना? तुम्हीच मला शिकवायचात, शून्य असेल तर शून्य लिहायचं. रिकामं सोडायचं नाही आणि मनाचं भरायचं नाही."

"ती वाट बघत बसली होती गं," विनायकराव म्हणाले.

नेत्राने डोळे पुसले आणि कपाटातून शैलजाची वही काढली. "बघू दे," ती स्वतःशीच म्हणाली. तिने शेवटचं पान उघडलं. मग मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आली.

"काका, ये देखो."

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना होता: कोणी ओळखले. बारा वर्षं, प्रत्येक नोंदीपुढे शैलजाची बारीक सही. शेवटच्या ओळीत तारीख होती, ओढ्याचं नाव होतं, चौदा होतं. सहीची जागा रिकामी होती.

"मी कॉम्प्युटरवर चढवताना हा कॉलम घेतलाच नाही," नेत्रा म्हणाली. "सगळीकडे मॅडमच, म्हणून. काका, बाटली अजून आहे?"

ती घरीच होती. संध्याकाळी नेत्राने येऊन बघितली, तर तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. ताजं पिल्लू स्पिरिटमध्ये तपकिरी दिसतं, पाठीवरची नक्षीसुद्धा दिसते. ही पिवळट फिकी होती, शेपट्या तुटलेल्या. "फर्स्ट इयरचा मुलगा पण सांगेल, पुरानी आहेत ही," ती म्हणाली.

मंगळवारी नेत्राने स्वतः जाऊन ओढ्यात बघितलं. शून्य. बुधवारी दोघं समितीपुढे गेले. विनायकरावांनी आपली चूक लेखी दिली. अध्यक्ष सभ्य माणूस होते, त्यांनी पाणी मागवलं. मग विनायकरावांना म्हणाले, "देवस्थळीजी, आपके दुख में हम साथ हैं. लेकिन जिस रजिस्टर का एक आँकड़ा झूठा निकला, उसके बाकी कैसे मानें?"

नेत्राने वही पुढे केली. बाकी प्रत्येक नोंदीवर मॅडमची सही आहे, खोट्या नोंदीवर नाही, हे तिने दाखवलं. बिल्डरच्या बाजूने मेघना नावाच्या वकीलबाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो बिना साइन की एंट्री आपने हमें दी कैसे?" मंगळवारचं शून्य नेत्राने सांगितलं, तर एका दिवसाचं, एकाच माणसाने बघितलेलं, म्हणून तेही बाजूला गेलं. बारा वर्षांची वही विचारात घेऊ नये असं ठरलं. समितीने एक दिवस बाटलीत भरून तपासलेल्या पाण्याचा अहवाल मान्य केला. त्यात पाणी ठीक होतं. प्लांटचा विषय संपला.

बाहेर आल्यावर नेत्रा म्हणाली, "मी रिक्षाने जाते काका." वही तिने त्यांच्या हातात दिली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. विनायकरावांनीही केला नाही. काय म्हणून करणार?

दुपारी ते घरी जेवणाच्या टेबलापाशी वही उघडून बसले. तो नोव्हेंबरचा दिवस त्यांना आता वेगळा दिसत होता. ती भिंगातून बराच वेळ बघत होती, पिल्लं मोजत नव्हती. ओढा गेला हे तिला त्या क्षणी कळलं होतं. आपला नवरा खोटं बोलतोय हेही. आणि त्यानंतरचे दोन महिने ते रोज तिला सांगत राहिले होते, बरी झालीस की मार्चमध्ये दोघं जाऊ, आणि ती हो म्हणत राहिली होती. तिला रडायचं असेल ओढ्यासाठी. कोणापाशी रडणार? जो समोर होता, त्याचं मन मोडू नये म्हणून ती गप्प बसली. एकाच खोलीत दोघंही एकेकटे होते, आणि ती तशीच गेली.

त्यांच्या खात्यात एक नियम होता. नोंद चुकली तर खोडायची नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, आतला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. तीस वर्षांत त्यांनी ही रेघ फार तर चार-पाच वेळा मारली असेल.

आता ती नोंद कोणी बघणार नव्हतं. पण चुकीची होती. त्यांनी पेन्सिलला टोक केलं, रेघ मारायला हात पुढे नेला आणि थांबले. ते चौदा शैलजाच्या हातचं होतं. एकाला वर बारीक टोपी, चाराचं पोट जरा वाकडं. तिने हाताने लिहिलेलं हे शेवटचं. त्यानंतर तिच्या अक्षरातलं घरात काहीच नव्हतं.

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

मग त्यांनी रेघ मारली. वर शून्य लिहिलं. रिकाम्या रकान्यात आपली सही केली. सहीला तिच्या रकान्यात जागा कमी पडत होती, बाहेर आली.

आत चौदा वाचता येत होतं. त्यांनी भिंग लावून पुन्हा एकदा बघून घेतलं.