मापाचा पाहुणा

प्रज्ञाने आबांचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि अंगठ्याच्या टोकाशी टेप धरली.

"ताणा आबा. पूर्ण वीत टाका."

"टाकलीच की."

"अजून थोडी."

"आता काय तोडून देऊ व्हय हात?"

तीन वर्षांपूर्वी कटर मशीनने करंगळी मुळापासून नेली होती आणि तेव्हापासून शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. तो हात आबा सहसा कुणाला दाखवत नसत. चहासुद्धा डाव्या हाताने घेत. आज लेकीने मागितला म्हणून दिला. टेपवर साडेसात इंच आले. प्रज्ञाने ते दोन हजार सातच्या कॅलेंडरवर, जुलैच्या पानावर लिहून ठेवलं.

ओतूरच्या एसटी स्टँडमागे आबांनी, म्हणजे जयवंत मिस्त्रींनी, तीस वर्षं सुतारकीचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या कपाटाला टेप, काटकोनाचा गुण्या सगळं लावायचे, पण घरचं काम असलं की टेप खिळ्याला टांगून ठेवायचे. घरच्या माणसाला पट्टी लावायची नसते, हा त्यांचा कायदा. जानकाबाईची खुर्ची त्यांनी अशी नुसत्या वितेने केली होती.

जानकाबाई, म्हणजे प्रज्ञाची आई, पस्तिशीत अक्षरं शिकली. पुढे वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात ग्रंथ वाचायचं काम तिच्याकडेच आलं. पहिल्या वर्षी ती सतरंजीवर बसून वाचायची. आबा म्हणाले, वाचणारं माणूस खाली बसलं की मागच्याला नुसता आवाज येतो, माणूस दिसत नाही. आठ दिवसांत त्यांनी सागवानी खुर्ची नेऊन ठेवली. अठरा वर्षं ती तिच्यात बसून वाचत राहिली. गेल्या साली चार महिने अंथरुणाला खिळली आणि दिवाळीच्या तोंडावर गेली. विहाराच्या खोलीतली खुर्ची आणायला गेले, तर वाळवीने आतून पोखरलेला पाय आबांच्या हातात आला.

यंदा वाचायला प्रज्ञा बसणार होती. आबांचं एवढंच मागणं होतं, वर्षावास सुरू होतो त्या आषाढी पौर्णिमेला पोरगी तसल्याच खुर्चीत बसली पाहिजे. त्यांच्या हातात आता रंधा ठरत नव्हता. खुर्ची संपत मिस्त्री करणार होते, पण आबांच्या डोक्यातली खुर्ची संपतला दिसणार कशी? ते प्रज्ञाच्या हातात होतं. नारायणगावच्या एका डेकोरेटरकडे ती कॉम्प्युटरवर लोकांची किचनं आणि वॉर्डरोब उभे करून दाखवायची.

तिने प्रोग्राम उघडला. रिकाम्या पानाच्या मधोमध एक माणूस उभा होता, पुठ्ठ्यातून कापल्यासारखा, पँट-शर्टातला.

"हा कोण पावणा?" आबांनी विचारलं.

"कुणी नाही. मापाला असतो. कुठली वस्तू किती मोठी, ते कळावं म्हणून."

"काढ त्याला. तुझ्या आईच्या खुर्चीपाशी परका बाप्या कशाला?"

दिवाळीपासून आबा पहिल्यांदाच चेष्टेने बोलले होते. प्रज्ञा हसली आणि तिने माणूस पुसून टाकला.

आबांनी डोळे मिटले. "बैठक दोन वीत उंच. रुंदीबी तेवढीच. पाठ अडीच, जरा मागं कललेली. एकदम न्हाई, पुस्तक हातात धरल्यावर मान अवघडू नये इतकीच."

ते सांगत होते, ती प्रत्येक वितेला साडेसातने गुणत होती. पाय उभे राहिले, पाठ आली, हात आले. आबांनी डोळे उघडले आणि स्क्रीनच्या काचेवर बोट ठेवलं.

"हीच."

मग जरा वेळाने म्हणाले, "बाजूनं दाखव. मी दाराशी बसायचो."

प्रज्ञाने माऊसने खुर्ची हळूहळू फिरवली. "बास," म्हणाले तिथे थांबवली. विहाराच्या दारातून दिसायची तशी रिकामी खुर्ची समोर होती. आबा पाहत राहिले. लाइट गेली, यूपीएस कोकलायला लागला, तरी ते उठले नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपत मिस्त्री आले. खुर्ची सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली होती. ती कॅरिअरवर मावली, हेच प्रज्ञाला आधी खटकलं.

"घे जयवंता. पॉलिश बघ, तोंड दिसंल. कुणा बारक्या पोरीची हाय का रं?"

प्रज्ञा खुर्चीत बसली. गुडघे वर आले, खुर्चीचे दोन्ही हात कमरेला रुतले.

"कागदावर व्हतं तेच केलंय बरं का," संपत घाईने म्हणाले. "मलाबी वाटलं, बारीक दिसतीय. पण कम्प्युटरनं काढलंय म्हनल्यावर आपण कशाला शानपणा करायचा?"

कॅलेंडरवरचे साडेसात तिला बसल्या जागी आठवले. आबांनी विती सांगितल्या त्या पाच बोटांच्या हाताच्या, पहिली खुर्ची केली तेव्हाच्या. तिने गुणल्या त्या आत्ताच्या हाताने. सगळंच सारखं आखडलं, म्हणून स्क्रीनवर काहीच आखडलेलं दिसलं नाही. शेजारी उभं असायला तो मापाचा पाहुणाही नव्हता.

तिने आबांकडे पाहिलं. उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला होता.

"आबा, माझं चुकलं. मी..."

ती उठली. आबा वाकले, डाव्या हाताने त्यांनी बैठकीवरून, मग पाठीवरून हात फिरवला. अंगात ताप आहे का बघावं तसा.

"चुकलं कुठं?" ते म्हणाले. "शेवटी शेवटी येवढीच तर राह्यली व्हती ती."

संपत मिस्त्री कॅरिअरची दोरी गुंडाळू लागले. दोरी फार लांब नव्हती, तरी पुष्कळ वेळ गुंडाळत होते.

खुर्ची विहारात गेली नाही. आबांनी ती घरातच, जानकाबाईच्या खाटेशेजारी ठेवली. पौर्णिमेला प्रज्ञाने निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाचलं. दाराशी आबा होते. तिने दोनदा मान वर केली, दोन्ही वेळा ते खाली पाहत होते.

रविवारी आबा आपणहून कॉम्प्युटरपाशी आले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"विहारातली काढायची ना आता? वीत नऊ इंच धर."

प्रज्ञाने मागे वळून पाहिलं.

"नऊच व्हती पहिली," ते म्हणाले.

तिने नवं पान उघडलं. मधोमध तो माणूस उभा होता. तिने सवयीने बाण त्याच्यावर नेला.

"राहू दे पावण्याला," आबा म्हणाले. "मापाला लागतो."

तिने बाण बाजूला घेतला. "सांगा, बैठक किती?"

खिशातला हात जरा हलला, बाहेर मात्र आला नाही.

"दोन वीत," आबा म्हणाले.