फायरप्लेसची उजवी बाजू

अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. बाबा म्हणायला घरात एक लेक तेवढी उरली होती, आणि तीही हल्ली दात आवळूनच म्हणायची. बैठकीच्या खोलीतली फायरप्लेस त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधली होती. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो की नळ दुरुस्त करणारा, तिच्यासमोर उभं करून ते ऐकवायचे, "एकट्याने बांधलीय ही. एक वीट रेषेबाहेर दाखवा, मिशी उतरवून देतो." समोरचा बिचारा मान डोलवायचा. लेक तेवढ्यात आत निघून जायची.

गेल्या महिन्यात एक निखारा उडाला आणि सतरंजी पेटली. मिस्त्री शेजारच्या खुर्चीत घोरत होते. लेकीने बादलीभर पाणी ओतलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "पुढे काचेची दारं बसवा, नाहीतर मी ही विटांनी बुजवून टाकते. जीव मुठीत धरून किती दिवस राहू?"

बुजवायची! गुडघे गेले, काम सुटलं, बायको गेली. आपण कोणीतरी होतो हे सांगायला तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती. "बसवू की दारं," ते घाईघाईने म्हणाले. "पण मापं मीच घेणार. दुकानाचा माणूस नको."

मापं घेतली म्हणजे काय, तर तळाशी एकदा टेप धरली, एका बाजूची उंची घेतली, झालं. वरची रुंदी घेतलीच नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं ना, तर याच माणसाने चार ठिकाणी मोजलं असतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप ताणली असती, वर त्या गवंड्याचा उद्धारही केला असता. पण स्वतःच्या कामाचा संशय घ्यायचा? छे! त्यापेक्षा मिशी काढलेली बरी.

दुकानात बाप-लेकीचं एकाही गोष्टीवर एकमत होईना. लेकीला दोन साध्या पल्ल्यांची दारं हवी होती, मिस्त्रींना घडी पडणारी चार पल्ल्यांची. तिला काळी चौकट, यांना पितळी. दुकानदारीण बाई शांत होती. धुरकट काचेमागे राख दिसत नाही, साध्या काचेतून आग छान दिसते, आणि ठिणग्या अडवायला आतून जाळीचा पडदा लागतोच, असं तिने एकेक नमुना उघडून दाखवलं.

"साधी काच," मिस्त्री म्हणाले. "आतलं काम दिसलं पाहिजे लोकांना."

"घ्या साधी," लेक म्हणाली. "चौकट मात्र काळी."

बाईने मापाचा कागद पाहिला. "वरची रुंदी नाही लिहिलीत? आणि तिरकं माप? ही काच भट्टीत तापवून पक्की करतात हो. मग कापता येत नाही, कापायला गेलं की चुरा होतो. चौकटही मापाचीच बनते."

"बाई, तुम्ही जन्मायच्या आधीपासून थापी धरलीय मी. खाली तेच वर."

"बाबा, घरी जाऊन परत मोजू या ना," लेक म्हणाली. "कुठे काय जातंय?"

"माझ्या कामावर भरवसा नाही तुझा?"

लेक काहीतरी बोलणार होती. मग तिने ते गिळलं आणि उगाच दारांच्या मुठी बघत बसली. 'माप ग्राहकाचे' असं छापलेल्या ओळीखाली मिस्त्रींनी झोकात सही ठोकली.

तीन आठवड्यांनी दारं बसवणारा कारागीर आला. चौकट खाली अलगद बसली, वर मात्र अडली. त्याने काढून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"वर बोटभर कमी पडतंय, मिस्त्री."

"ढकल जरा."

"ढकललं तर काच जाईल."

चाळीस वर्षांचा तोरा एका परक्या माणसासमोर मातीत जायची वेळ आली होती. लेक दारात हाताची घडी घालून उभी. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि ते बोलले, "उजवी बाजू असणार. ती माझी नाहीच मुळी. डावी झाली आणि माझं मनगट मोडलं. उजवी हिच्या आईने रचली. बायकामाणसाचा हात, जायचाच कुठेतरी."

कारागिराने खिशातून ओळंबा काढला आणि उजवीकडे सोडला. दोरी थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"उजवी सरळ आहे," तो म्हणाला. मग त्याने डावीकडे ओळंबा सोडला. "ही वर जाता जाता आत आलीय."

"घर खचलं असेल."

"खचलं असतं तर तोंडावरची आडवी पट्टीही कलली असती." त्याने पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. "आणि सांधे बघा ना डावीकडचे. कुठे जाड, कुठे पातळ. हे बांधतानाच गेलंय. घाईत होतं का कुणी?"

मिस्त्री पुढे झाले आणि एका जाड सांध्यावर तळवा ठेवून उभे राहिले.

"आईने तीन वेळा हाक मारली होती," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "ओळंबा बघायला या म्हणून. तुम्ही खाटेवरून उठला नाहीत. हात मोडला होता, पाय नव्हते मोडले. मग प्रत्येक थराला तिने स्वतः ओळंबा सोडला. दोरी मी धरायचे, नऊ वर्षांची होते. तेव्हापासून ऐकतेय, एकट्याने बांधलीय, एकट्याने बांधलीय. चाळीस वर्षं ती बाजू तुमची होती, बाबा. आज काच अडली तेव्हा आईची झाली."

लेक कारागिराकडे वळली. "डावी उतरवून सरळ बांधली तर हीच दारं बसतील?"

"बसतील की. माप उजवीला जुळतंच आहे."

"मी बांधतो," मिस्त्री म्हणाले. "दोन दिवसांत."

"नको. बाहेरचा गवंडी बोलावते. उजवीला त्याचा धक्का लागता कामा नये."

कारागिराने काचा गोधडीत गुंडाळून भिंतीला टेकवल्या. जाता जाता तो उजव्या बाजूच्या विटांवरून बोट फिरवत म्हणाला, "काय हात होता हो! कुठे कामाला होत्या त्या?"

"माझ्या हाताखाली," मिस्त्री म्हणाले. सवयीने निघून गेलं तोंडातून. निघाल्यावर त्यांना कळलं, पण आता काय उपयोग?

लेकीने फायरप्लेसपुढची त्यांची खुर्ची उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"काम होईपर्यंतच ना गं?" मिस्त्रींनी विचारलं.

ती कारागिराला सोडायला बाहेर गेली होती.