मेपलसाठी बर्फ

आधीच सांगून ठेवते, मले झाडायचा राग नाही. माळ्याची बायको मी, झाडावर राग धरून जाईन कुठं? माहा राग त्या एका मेपलवर आहे. अन् माह्या घरच्या माणसावर.

बुलढाण्यात सायबाच्या बंगल्यावर आमचे हे माळी होते, मागच्या खोलीत आमी राहत होतो. सायबाच्या मडमीले शोभेच्या झाडायची भारी हौस. विलायतेहून पाकिटातून बी मागवे अन् इथं रुजवून पाहे. ना फळ, ना भाजी, नुसतं पाहाचं झाड! त्यातलंच एक मेपल. त्याचं बी चपटं, पंख लावल्यासारखं. मडमीनं आमच्या यायले सांगतलं, माह्या बापाच्या दारात हे झाड होतं, थंडी पडली की त्याचं पानन् पान लाल होते.

झालं! यायनं तेच धरून ठेवलं.

"सोजरा, पळसाचं फूल लाल पाह्यलं, पण सारीच्या सारी पानं लाल? एकडाव तरी पाहाचं आहे मले."

"माहं लुगडं लाल आहे, ते पाहा," म्या म्हटलं. हसले, पण ऐकते कोण?

अन् ते बी सुधंपणानं उगवल तं शपथ. त्याले आधी थंडीत निजवा लागते म्हणे. मडमीनं हिवाळाभर मलकापूरच्या टेशनावरून भुशात घालून बर्फ मागवला. कुंडीत ओल्या रेतीत बी, भोवताल बर्फ. एवढे लाड माह्या मायनं माहे नाही केले. बाकी सारं सडलं अन् एकच बी उगवलं. आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याले बलावून त्याची दोन पानं दाखवत. मले तवा बरं वाटे, खोटं काऊन बोलू?

चैत लागला अन् मडम चिखलदऱ्याले निघाली. जाताना म्हणे, "पुंजाजी, मी येईपर्यंत सांभाळ." हे म्हणले, "जगवतो." तोंडातून शब्द गेला अन् माहा संसार त्या कुंडीत जाऊन बसला.

वैशाखात पानायच्या कडा जळाले लागल्या. यायनं कुंडी आमच्या खोलीत आणली, पाण्याच्या रांजणाजवळ ठेवली, दाराले ओलं पोतं बांधलं. ते आत गारव्यात अन् आमी दोघं बाहेर. तरी पानं करपतच गेली. एका सकाळी हे टोपी घालून उठले.

"बर्फानं उगवलं, बर्फानंच जगन. मलकापूरले जाऊन येतो."

"डोकं फिरलं काय तुमचं? ऊन पाहा कसं पडून राह्यलं!" मी दारात आडवी उभी राह्यली. यायनं मले हातानं बाजूले केलं अन् म्हणले, "आलोच." सर्विस मोटर धरून गेले.

येताना मोटर राजूर घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. बाकीचे लोक सावलीत बसले. ड्रायव्हर कारभारीनं मंग मले सांगतलं, "वहिनी, लई समजावलं, पण पुंजाजीभाऊ म्हणे बर्फ थांबत नाही." डोक्शावर पोतं घेऊन भर दुपारी हे घाट चढले. दारात आले तं अंगातला सदरा ओलाचिंब. मले वाटलं घाम आहे. तो बर्फ होता, सारी वाट गळत आला होता. पोत्यात नारळाएवढा उरला होता.

"झाडाच्या बुडाशी ठेव," एवढं बोलले अन् खालीच पडले.

अंग तव्यासारखं तापलं होतं, अन् घामाचा थेंब नाही. म्या झाडाकडं पाह्यलंच नाही. तो बर्फ पदरात बांधला अन् यायच्या कपाळावर धरला. यायले समजलं. हात वर करून पदर ओढाले लागले.

"काय करतं व... झाडाले दे..."

"मरू द्या ते झाड! तुमाले काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?" म्या यायचा हात गुडघ्याखाली दाबून धरला. लई रडली मी तवा. हे कुंडीकडंच पाहत राह्यले.

हे वाचले. झाड गेलं. त्या तापात उजवा हात थरथराले लागला तो थरथरतच राह्यला, झारी धरली की अर्धं पाणी पायावर. अन् माह्याशी बोलणं बंद. जेवण वाढलं की जेवत, उठून जात.

मिरगाच्या पावसात मडम आली. हे वाळली काडी असलेली कुंडी घेऊन तिच्यासमोर उभे राह्यले. मी खांबाआड. मनात म्हणत होती, माय, दे याले दोन शिव्या, काढून टाक कामावरून. रोहिणखेडले माह्या भावाकडं जाऊ, तिथं कोणी विलायती झाड लावत नाही.

पण बाई चांगली, काय करता! तिनं यायचा हात पाह्यला अन् तिचे डोळे भरून आले. "मनाला लावून घेऊ नको, पुंजाजी. तुझी चूक नाही." आत गेली अन् नवं पाकीट घेऊन आली. "थंडी पडली की परत लावू."

यायनं ते दोन्ही हातानं घेतलं, कपाळाले लावलं. मंग खांबाकडं येऊन, इतक्या दिवसानं पह्यल्यांदा माह्याशी बोलले.

"सोजरा, लाल पानं पाहू व आपण."

हसून राह्यले होते. यायच्या हातात ते पाकीट एकसारखं खुळखुळून राह्यलं होतं.