दलदलीतल्या माणसाची सोबत

डावा हात एक, कोपरापर्यंत. बोटं पाच, नखं चार. मनगटावर चामड्याची वेणी. कवटीचा एक तुकडा, त्याला चिकटलेले लाल केस. जळणासाठी दलदलीची माती कापताना मॅलकीने फावडं थांबवलं, तिथे एवढंच होतं.

लाल केसांची बातमी कळली आणि नोरा आली. तिचा भाऊ फिआक्रा एकोणिसाव्या वर्षी याच दलदलीकडे गेला, तो परतला नाही. त्याचे केस लाल होते. तो इंग्लंडला पळाला, असं गावाने ठरवून टाकलं, त्याला बावन्न वर्षं झाली.

पोलिसांनी भोवती दोरी बांधली आणि डब्लिनच्या संग्रहालयाला कळवलं. ऐन कापणीचे, कोरड्या उन्हाचे दिवस. तरी शेजाऱ्यांपैकी एकानेही माती कापली नाही. मेलेल्याला एकटं सोडायचं नसतं. दोन दिवस सगळे पाळीपाळीने दोरीपाशी बसले. चहा झाला, पाव-लोणी झालं, गप्पा झाल्या.

"फिआक्रा असेल तर माझी सायकल कुठे ठेवली, ते विचार त्याला," मॅलकी म्हणाला.

"तुझी ती गंजकी? चोरायचीच होती, तर त्याने चांगली नेली असती," नोरा म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयाची क्लीओना आली. पंचविशीची पोर, गुडघाभर चिखलात उतरली. ओल्या मातीसकट सगळं तिने पेटीत घेतलं, मग नोराशेजारी येऊन बसली.

"केसांवर जाऊ नका, बाई. या पाण्यात काळे केससुद्धा लाल होतात. वय मोजून कळवते."

"म्हणजे तो नसेलही."

"नसेलही."

नोराने पेटीकडे पाहिलं. "पळून गेलेल्यासाठी कोण बसतं, पोरी? त्याच्या वाट्याला कुणी आलंच नाही. आता सगळं गाव कामं टाकून बसलं. तो असो नसो, हे त्याला पोचलं. तुमचे सगळ्यांचे उपकार आहेत."

"उपकार कसले," मॅलकी म्हणाला, "कंबर धरलीच होती माझी."

त्या आठवड्यात नोराने घरोघरी मनुक्यांचा केक पोचवला. रविवारी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या, एक फिआक्राची, एक बिननावाची.

उन्हाळा सरताना क्लीओनाचा फोन आला. नोराने तो उभ्यानेच ऐकला. दलदलीतला माणूस तेवीसशे वर्षांपूर्वीचा, चाळीस वर्षं इकडे किंवा तिकडे.