आवाजाचे पैसे

पहिली तारीख होती. लिफ्टवाल्याने खुर्ची ओढली, बाहेरच्या खोलीतल्या घडीच्या टेबलाशी बसला, चष्मा लावला आणि मोबाइलवर घरमालक कंपनीचं अ‍ॅप उघडलं. भाड्याचा आकडा पाहिला. त्याखाली 'सुविधा शुल्क' म्हणून दुसरा आकडा होता, शेकडा अडीच. क्रेडिट कार्डाने भाडं भरलं की तो लागायचाच. "लुटा लेको," तो सवयीने पुटपुटला, बटण दाबलं आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसला.

स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, त्याच्या बायकोचा मोबाइल चार्जरला लावलेला होता. कार्ड तिचं, त्यामुळे बँकेचा सहा आकड्यांचा ओटीपी तिच्याच मोबाइलवर यायचा. आला की मोबाइल बरणीवर आपटून टणटण वाजायचा.

आज वाजला नाही.

बायको जाऊन सहा महिने होत आले होते.

तो आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस. राहत होता मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. "जगाला वर नेतात आणि स्वतः जिने मोजतात," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पूर्वी म्हातारा मालक होता तेव्हा पगार झाला की भाडं द्यायचं, असा साधा कारभार होता. मग इमारत कंपनीने घेतली आणि नियम आला: पहिल्या तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत. पगार व्हायचा सातला. "मधला खड्डा आता कार्डानेच बुजवायचा," असं म्हणून बायकोने कार्ड काढलं. पहिल्या तारखेला कार्डावरून भाडं, पगार झाला की कार्डाचं बिल. अडीच टक्क्यांचा भुर्दंड तेवढा वर.

त्या भुर्दंडावरून तो दर महिन्याला कुरकुरायचा. "सुविधा त्यांची, शुल्क आपलं!"

आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "ते शुल्क नाही हो. माझ्या आवाजाचे पैसे आहेत. महिनाभर मी बोलते आणि तुम्ही हं हं करता. पहिल्या तारखेला मात्र शब्द न् शब्द टिपून घेता."

ती औषधांच्या दुकानात बिलं करायची. औषधांच्या खोक्यांवरचे लांबलचक नंबर दिवसभर मोठ्याने वाचायची सवय, म्हणून ओटीपीसुद्धा जोडीजोडीने सांगायची. "अहो, आलं! लिहा. बेचाळीस. झालं? सतरा. झालं? आणि भोपळा-नऊ." शून्याला ती भोपळा म्हणायची. त्याने "झालं" म्हटल्याशिवाय पुढची जोडी सुटायची नाही. कधी मुद्दाम मध्येच थांबून भाजी ढवळायची. तो ओरडायचा, "अगं, वेळ संपतोय!"

"संपू दे. दुसरा मागवा. माझं कुठे काय जातंय?"

मोबाइल उचलून टेबलावर आणावा, असं दोघांनाही कधी सुचलं नाही. ती गेल्यावर त्याला सुचलं, पण त्याने आणला नाही. टणटण झालं की उठून जायचं, आकडा वाचायचा आणि दुकानात पाठवलेलं पोर जिन्नस घोकत जातं तसा तो आकडा घोकत टेबलाशी यायचं. भाडं जायचं. बिल तो पगारातून चोख भरायचा. ती गेल्याचं त्याने बँकेला सांगितलं नव्हतं, कंपनीलाही नाही. कोणी विचारलं नव्हतं.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर तांबडी अक्षरं आली: कार्ड बंद आहे.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात मुलगी दोन दिवस रजा काढून आली होती. आईचं बँकेतलं खातं बंद करायला मृत्यूचा दाखला घेऊन गेली होती. कार्ड त्याच बँकेचं होतं. जाण्याआधी तिने दोनदा विचारलं होतं, "बाबा, आईचं अजून काही चालू आहे का?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "नाही, काही नाही."

आता पंचाईत झाली. जवळची शिल्लक हॉस्पिटलने खाल्ली होती आणि पगाराला अवकाश होता. आणि एकदा उशीर झालेला होता. बायको गेली त्या महिन्यात त्याला तारखेचं भान नव्हतं. तेव्हा कंपनीची नोटीस आली होती: वर्षात पुन्हा उशीर झाला तर करार वाढवून मिळणार नाही. वाढवून मिळणार नाही म्हणजे घर सोडा. ही खोली, ते स्वयंपाकघर, ती बरणी, सगळं सोडा.

कामावर जाण्याआधी तो कंपनीच्या ऑफिसात गेला. दोन गल्ल्या सोडून, काचेच्या दारामागे एक काउंटर आणि काउंटरमागे चष्मेवाली. हिची आणि बायकोची चांगली गट्टी होती.

"रोख घेत नाही काका. चेकही नाही. सगळं अ‍ॅपवर."

"कार्ड चालत नाहीये."

"मग सरळ बँकेतून भरा की. त्याला जास्तीचे पैसेही पडत नाहीत."

"बँकेत पगार सातला येतो."

चष्मेवालीने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, मग तारीख बदलून घ्या ना! दहा करून मिळते. एक अर्ज, करारावर असतील त्यांच्या सह्या. पुढच्या महिन्यापासून लागू. आजचं मात्र आजच भरावं लागेल, सहाच्या आत."

"हे कधीपासून मिळतं?"

"पहिल्यापासूनच. तुमच्या मिसेसना मी सांगितलं होतं. अर्जसुद्धा दिला होता हातात. त्या म्हणाल्या, राहू दे गं, आमचं बरं चाललंय." तिने खणातून कोरा अर्ज काढून त्याच्यापुढे सरकवला. "कशा आहेत त्या? बरेच दिवसांत फिरकल्या नाहीत."

"बरी आहे," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. तो अर्जाची घडी करून रस्त्यावर आला आणि चालायला लागला. तिला माहीत होतं. इतकी वर्षं दर महिन्याला तो भुर्दंड भरला आणि तिला माहीत होतं, एका अर्जाचं काम आहे. स्वतः दुकानात जाताना रिक्षाचे पैसे वाचवायला चालत जायची. गॅस बारीक करत राहायची. आणि हे पैसे असे पाण्यात? त्याला राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा राग आला आणि तो काढायला ती नव्हती. मेलेल्या माणसाशी भांडण काढून माणूस जाणार कुठे?

त्या दिवशी एका उंच इमारतीच्या लिफ्टचे ब्रेक बदलायचे होते. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याचा जोडीदार आधीच कामाला लागला होता. त्याला सगळे मामा म्हणत. तो कोणाचाच मामा नव्हता.

"काय रे, आज तोंड तापलेलं दिसतंय," मामा म्हणाला. "बरं वाटलं बघून. सहा महिने नुसतं पडलेलं असायचं."

लिफ्टवाल्याने पाना हातात घेतला, दोन नट सैल केले आणि मग सगळं सांगितलं. कार्ड, तांबडी अक्षरं, चष्मेवाली. बायकोने अर्ज घेतला नाही हे सांगताना त्याचा आवाज चढला. मामाने कापडाला हात पुसले.

"माझं कार्ड दिलं असतं. पण ते कार्ड नाही, कोरडी विहीर आहे. दगड टाकला तर धप्प आवाज येतो. पोरीला सांग."

"तिला काय तोंडाने सांगू? तिला म्हणालो काही चालू नाही."

"मग कंपनीला सांग, तोंड नव्हतं म्हणून भाडं नाही. बघ काय म्हणतात." मामाने त्याच्या हातातून पाना काढून घेतला. "जा. दुपार टळत आली. ब्रेक मी बघतो."

मशीनच्या खोलीत रेंज नव्हती. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. मुलगी दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात नर्स होती. तिने फोन उचलला तो धावतपळतच.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

त्याने सांगितलं.

"तुम्ही आईचं कार्ड वापरत होता? अजून? बाबा, गेलेल्या माणसाचं कार्ड वापरता येत नाही. पकडलं असतं तर?"

"बिल वेळेवर भरत होतो. कोणाचं बुडवलं नाही."

"प्रश्न बुडवण्याचा नाहीये! मी दोनदा विचारलं तुम्हाला. दोनदा! मला वाटलं मी तुमचं काम सोपं करून चालले आहे आणि इथे तुमच्या घरावर नांगर फिरवून आले. का नाही सांगितलंत?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते गच्चीवर उभं राहून पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

"बरं, ते नंतर बघू," ती म्हणाली. "माझं कार्ड घ्या. लिहून घ्या नंबर."

कागद नव्हता. खिशात लिफ्टच्या दोरावर खुणा करायचा खडू होता. त्याने टाकीच्या भिंतीवर नंबर लिहिला, चष्मा लावून तो अ‍ॅपमध्ये भरला, बटण दाबलं.

"आला ओटीपी. घ्या. सातदोनशून्यपाचपाचचार."

"हळू!"

"सात दोन शून्य पाच पाच चार!"

त्याने घातला. चुकीचा. पाच एकदाच पडला होता. दुसरा मागवला, तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली, ती "आले, आले" म्हणत परत येईपर्यंत त्याची वेळ संपली. पडद्यावर आलं, आता एकच प्रयत्न शिल्लक, नंतर उद्या. मामा दारातून डोकावून म्हणाला, "श्वास घे आधी. ब्रेक बदलताना घेतोस तसा."

"बाबा, ऐकताय ना? तिसरा आलाय. सांगू?"

"थांब," तो म्हणाला. "असं नको. आईसारखं सांग."

"आईसारखं म्हणजे कसं?"

"जोडीजोडीने. मी झालं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि शून्याला भोपळा."

पोरीने घसा साफ केला.

"अडुसष्ट."

"झालं."

"भोपळा-तीन."

"झालं."

"एक्याण्णव."

"झालं."

पडदा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग हिरवा झाला. भाडं मिळालं. मामाने दारातूनच पान्याने सलाम ठोकला आणि आत गेला. लिफ्टवाला टाकीला टेकून बसला.

"दर महिन्याला असंच सांगायची?" पोरीने विचारलं.

"दर महिन्याला." मग त्याने तिला मघाशी न दिलेलं उत्तर दिलं. मिठाची बरणी, टणटण, ढवळायचं थांबवलेली भाजी, आवाजाचे पैसे. चष्मेवालीने दिलेला अर्ज आईने परत केल्याचंही सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, सकाळचा राग कुठेतरी सांडला होता. कुठे ते त्याला कळलं नाही.

पलीकडे पोर नाक ओढत होती.

"बाबा, मी दर महिन्याला कार्ड देईन. पण शेकडा अडीच कशाला घालवायचे? एकट्याच्या पगारात झेपणार आहे का? तारीख बदलून घ्या तुम्ही. पहिल्या तारखेला मी फोन करीन."

"ओटीपी नसेल तर काय सांगशील?"

"वॉर्डातले ताप सांगीन सगळ्यांचे. जोडीजोडीने. तुम्ही झालं म्हणा. हा आवाज फुकट आहे."

फोन ठेवल्यावर त्याने टाकीवरचा नंबर बाहीने पुसला आणि ब्रेकचं उरलेलं काम मामाबरोबर संपवलं.

ऑफिस बंद व्हायच्या बेतात तो काचेच्या दाराशी पोचला. चष्मेवाली पर्स आवरत होती.

"काका, भाडं आलं तुमचं, बघितलं मी. कशाला धावत आलात?"

त्याने अर्ज काउंटरवर उलगडला. स्वतःची सही केली. त्याखाली दुसरी ओळ होती, बायकोचं नाव घातलेली, पुढे रिकामी जागा. पेन तिथे थांबलं.

"त्यांची सही उद्या आणलीत तरी चालेल," ती म्हणाली.

"नाही आणता येणार." त्याने पेन खाली ठेवलं. "ती गेली. सहा महिने होतील. सकाळी मी बरी आहे म्हणालो, ते खोटं होतं."

चष्मेवाली उभी होती ती खाली बसली. तिने चष्मा काढून हातात धरला. मग हळू आवाजात म्हणाली, दाखल्याची एक प्रत लागेल. करार आहे तोवर कोणी काही करणार नाही, तो तुमच्या नावावर चालू राहील. पुढच्या वर्षी नवा होताना भाडं वाढवतील, वाढवायला टपलेलेच आहेत, तेव्हा आतापासून तयारी ठेवा. तिने हे लपवलं नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. एक वर्ष तर एक वर्ष.

तिने कॉम्प्युटरवर तारीख बदलली. मग बोटं थांबली.

"भाड्याची आठवण करून देणारा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जातो, दर महिन्याला. तो नंबर काढून टाकू ना?"

लिफ्टवाल्याने नकारार्थी मान हलवली. "तेवढा राहू दे," तो म्हणाला. "त्याचं काही शुल्क पडतं का?"

"नाही. त्याचं काही नाही."

"मग राहू दे. रिचार्ज मी करतोय."