फडक्याखालची फट

मित्रांनो, मी एक जुनी द्रोणी आहे, म्हणजे वैद्यांकडे तेलाच्या उपचारासाठी असतो तो लाकडी पलंग. सुताराने मला एकाच खोडातून कोरले आणि सांडलेले तेल वाहून जावे म्हणून कडेने पन्हळ काढली. चाळीस वर्षे दुखरी माणसे झेलून आता माझे अंग जड झाले आहे. कुणी बरे झाले की गुण वैद्यबाईंच्या हाताचा, कपड्यांना वास राहिला की दोष माझा. चालायचेच.

एकदा टपाल वाटणारी एक बाई आली. जिन्यावर पाय मुरगळून तिच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, दुखावली होती. तपासताना गुडघा सरळ झाला होता. पुढे तो अडकू लागला, ते मात्र तिने कुणाला सांगितले नाही.

वैद्यबाईंच्या हाताखालची मावशी रोज तिच्या गुडघ्यावर उडदाच्या पिठाचे कडे बसवून त्यात कोमट तेल ओतायची. चार दिवस तेल एकाच बाजूने गळले.

"मावशी, पीठ सैल मळताय," वैद्यबाई म्हणाल्या.

"तीस वर्षं असंच मळतेय, बाई," मावशी पुटपुटली आणि पीठ आणखी घट्ट मळू लागली.

खरे तर तो गुडघा अडकून वाकलेलाच राहायचा, माझ्या पाठीला टेकतच नव्हता, म्हणून कडे कलायचे. खालची फट दिसू नये म्हणून टपालवाली तिथे फडक्याची घडी सरकवायची.

पाचव्या दिवशी वैद्यबाईंनी स्वतः कडे बसवले. तेही गळले. त्यांनी गुडघ्याखाली हात घातला आणि घडी बाहेर काढली.

"अडकतो का गं हा?"

"चार दिवस झाले." तिने मान वळवली. "सांगितलं तर ऑपरेशन म्हणाल. मी घरी बसले की माझी गल्ली दुसऱ्याला देतील. वीस वर्षं तिथली दारं ओळखतात मला."

"दारं थांबतील. तेलानं ठणका कमी होतो, आत अडकलेला कूर्चेचा तुकडा सुटत नाही. आजच हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं." मग त्या वळल्या. "मावशी, पीठ चांगलं होतं तुमचं."

"होतंच," म्हणत मावशी भांडे विसळायला गेली.

दारे थांबली नाहीत. गल्ली दुसऱ्याला मिळाली. ऑपरेशननंतर टपालवाली आता नीट चालते, पण कचेरीत बसून पत्रे लावते. आधी बोलली असती तर गल्ली राहिली असती का, कोण जाणे. ते चार दिवसांचे दुखणे तरी वाचले असते.

मित्रांनो, मी थकले आहे. तुम्हाला लागले, दुखले, तर बरे करणाऱ्याला सगळे सांगा. मी लाकूड, मला गप्प राहावे लागते. तुम्हाला नाही.